अवटू ग्रंथीचा उग्र कर्करोग : साध्यासाध्यता व चिकित्सा

गळ्याच्या पुढील भागात श्वासनालाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या अवटू ग्रंथीत उद्‌भवणाऱ्या कर्करोगांच्या स्वभावात विलक्षण तफावत आढळते. अंकुरकी प्रकार बहुधा इतका मंद असतो की, योग्य उपचारांनंतर बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. याउलट अविभेदित (ज्यातील कोशिकांनी–पेशींनी–मूळ ग्रंथीचे गुणधर्म गमावलेले असतात असा) कर्करोग मानवास होणाऱ्या अत्यंत घातक अर्बुदांपैकी एक आहे. अल्पविभेदित व मज्जकाभ हे प्रकार या दोहोंच्या दरम्यान येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांच्या भीतीने बहुतेक शल्यचिकित्सक या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया टाळीत. बर्न येथील टेओडोर कोखर यांनी निर्जंतुक पद्धती व काटेकोर रक्तस्तंभन यांच्या साहाय्याने गलगंडाच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण अखेरीस शेकडा १ च्याही खाली आणले. या ग्रंथीविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांत सूज व बुद्धिमांद्य उद्‌भवते, हेही त्यांनीच १८८३ मध्ये निदर्शनास आणले. १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून ही उणीव भरून काढता येते, असे दाखविले. कर्करोगाच्या संदर्भात या शोधाचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. संपूर्ण ग्रंथिच्छेदन रुग्णास सुसह्य झाले ते त्यामुळेच.

दुसरा टप्पा आयोडिनाचा. अवटू कोशिका रक्तातील आयोडीन वेचून घेतात. १९३८ मध्ये लिव्हिंगूड व सीबॉर्ग यांनी आयोडीन–१३१ हा किरणोत्सर्गी समस्थानिक शोधून काढला. न्यूयॉर्क येथील माँटेफिओरे रुग्णालयात सॅम्युएल सीडलिन यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाची ग्रंथी अनेक वर्षांपूर्वीच काढलेली होती; तरीही शरीरात इतरत्र पसरलेली अर्बुदेच हॉर्मोन स्रवत असल्याने त्यास अवटू-अतिक्रियेची लक्षणे झाली होती. १९४३ पासून दिलेल्या किरणोत्सर्गी आयोडिनाने ती ओसरली. या उपचाराचा वृत्तांत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात या उपचाराची परंपरा रुजली. मात्र कोशिका जसजशी मूळ गुणधर्म सोडते तसतशी तिची आयोडीन ग्रहण करण्याची क्षमता लोपते; म्हणजे रोग जितका उग्र तितके हे अस्त्र बोथट. अशा आयोडीन-अप्रतिसादी रोगावर सोराफेनिब (२०१३) व लेनव्हाटिनिब (२०१५) या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती रोगाची वाढ लांबवितात, तो समूळ घालवीत नाहीत.

मज्जकाभ कर्करोग कॅल्सिटोनीन स्रवणाऱ्या कोशिकांपासून होतो. त्यामुळे त्यावर आयोडीन निरुपयोगी असते. त्याच्या आनुवंशिक प्रकारास रेट हे जनुक कारणीभूत असल्याचे १९९३ मध्ये कळले. तेव्हापासून दोषयुक्त जनुक असलेल्या बालकांची ग्रंथी रोग होण्यापूर्वीच काढणे शक्य झाले.

अविभेदित कर्करोगाचे प्रमाण अवटू-कर्करोगांत शेकडा १ ते २ एवढेच असले, तरी या कर्करोगांमुळे होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा त्या मानाने फार मोठा आहे. तो बहुधा साठीनंतर, कित्येकदा जुन्या गलगंडात वा विभेदित कर्करोगात उद्‌भवतो. गाठ काही आठवड्यांतच वाढते, आवाज बसतो, गिळणे व श्वास घेणे कठीण होते. निदान होताच तो चौथ्या अवस्थेतील मानला जातो. पूर्वी निम्मे रुग्ण सुमारे पाच महिन्यांतच दगावत. बीरॅफ जनुकाचे व्ही ६०० ई हे उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांत डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब ही औषधे एकत्र दिली असता पहिल्या १६ पैकी ११ रुग्णांची अर्बुदे लक्षणीय आकसली. २०१८ मध्ये या उपचारास अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून संशय येताच या उत्परिवर्तनाची तपासणी त्वरित करणे अगत्याचे ठरते. ते नसलेल्या रुग्णांत शक्य असल्यास शस्त्रक्रिया, बाह्य किरणोपचार व रासायनिक औषधे यांवर भिस्त ठेवावी लागते. श्वासमार्ग मोकळा राखण्यासाठी कंठनालात छिद्र पाडावे किंवा कसे, याचा निर्णय रुग्ण व आप्त यांच्याशी आधीच बोलून घेतात.