रिकाम्या हातांची नम्रता : बाळ येशूच्या संत तेरेझाचा ‘छोटा मार्ग’

दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेझा हिचा सण साजरा करते. हातात क्रूस आणि गुलाबपुष्पे घेतलेली तिची मूर्ती भाविकांच्या चांगल्या परिचयाची आहे. तरीही तेरेझा नावाच्या संतांविषयी अनेकांची गल्लत होते, म्हणून प्रथम ती दूर करू. आविलाची संत तेरेझा ही स्पेनची, सोळाव्या शतकातील. तिचा सण १५ ऑक्टोबरला येतो. कोलकात्याच्या मदर तेरेझा यांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपद बहाल करण्यात आले. त्यांनी व्रतस्थ जीवनात जे नाव धारण केले, ते फ्रान्समधील लिझ्यूच्या छोट्या तेरेझावरूनच. प्रस्तुत लेख या छोट्या तेरेझाविषयी आहे.

तिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलांसाँ या गावी झाला. आईवडिलांच्या नऊ अपत्यांपैकी पाच मुली जगल्या. तेरेझा त्यांत धाकटी. ती चार वर्षांची असताना आई वारली. वयाच्या पंधराव्या वर्षी, ९ एप्रिल १८८८ रोजी, तिने लिझ्यू येथील कार्मेल मठात प्रवेश केला आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयरोगाने तिचे निधन झाले. तेव्हा ती अवघी २४ वर्षांची होती. १७ मे १९२५ रोजी तिला संत घोषित करण्यात आले आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितांच्या मालिकेत स्थान दिले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिच्या देवावरील भरवशाविषयी स्वतंत्र प्रेरितीय उद्बोधनपत्र प्रसिद्ध केले. साडेनऊ वर्षे एका मठाच्या भिंतींआड राहिलेल्या तरुणीकडून ख्रिस्तसभेने एवढे काय शिकावे?

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कोणी आपली स्तुती केली की आपण ‘छे, छे, मी कसला!’ असे म्हणतो आणि समोरचा पुन्हा आग्रहाने स्तुती करील याची मनातल्या मनात वाट पाहतो. तेरेझाची नम्रता या जातीची नव्हती. देवाने आपल्याला जे दिले ते तिने कधी नाकारले नाही. मात्र ते आपले स्वतःचे आहे असेही मानले नाही.

मठात आल्यावर थोर संतांची चरित्रे आणि स्वतःचे जीवन यांची तुलना करताना तिला आपण पर्वतापुढच्या वाळूच्या कणासारखे आहोत असे वाटू लागले. इथे बहुतेक जण निराश होतात. ती झाली नाही. १८८७ साली वडिलांबरोबर इटलीची यात्रा करताना तिने लिफ्ट पाहिली होती; श्रीमंतांच्या घरी जिना चढण्याचे कष्ट उरले नव्हते. आपल्यासारख्या दुबळ्या जिवासाठी देवाकडे जाणारी अशीच एखादी लिफ्ट असावी, असे तिला वाटले आणि ती पवित्र शास्त्रात शोधू लागली. नीतिसूत्रे या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात लहानांना दिलेले आमंत्रण आणि यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात आईप्रमाणे सांत्वन करणारा देव तिला भेटला. ख्रिस्ताचे बाहू हीच आपली लिफ्ट, हे तिला उमगले. त्यासाठी मोठे होण्याची गरज नव्हती, लहान राहणे पुरेसे होते.

पण यात आळसाला जागा नाही. मठातील एका नोव्हिस भगिनीला तिने हेच जिन्याच्या दाखल्याने समजावून सांगितले होते. अजून धड उभे राहता न येणारे मूल पहिल्याच पायरीवर चढू पाहते आणि प्रत्येक वेळी पडते. वर उभा असलेला पिता त्याची धडपड पाहून स्वतः खाली येतो आणि त्याला उचलून नेतो. मुलाने पाय उचलत राहायचे असते, एवढेच.

‘फादर, दर वेळी तीच पापे सांगायला लाज वाटते,’ असे कित्येक भाविक आम्हांला म्हणतात, आणि काही जण याच कारणाने प्रायश्चित्त संस्काराकडे येणे सोडून देतात. त्यांना ती नम्रता वाटते. आमच्या मते त्यात दुखावलेला अहंकार अधिक असतो: आपण एव्हाना सुधारायला हवे होतो, आणि सुधारलो नाही, हे स्वतःला सहन होत नाही. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी, तेरेझाने देवाच्या दयाळू प्रीतीला स्वतःचे समर्पण केले. त्या प्रार्थनेत आपण जीवनाच्या सायंकाळी रिकाम्या हातांनी देवापुढे उभे राहू असे तिने म्हटले आहे. पुण्याचा हिशेब तिला मांडायचाच नव्हता.

हे सारे तिने ज्या लहानसहान प्रसंगांत आचरिले, ते आपल्या घरांत रोज घडतात. कपडे धुताना समोरची भगिनी तिच्या तोंडावर मळके पाणी उडवीत असे; तिने चेहरा मागे घेतला नाही. चिंतनाच्या वेळी मागे बसलेल्या एका भगिनीचा सततचा बारीक आवाज तिला असह्य होई. तिने तो देवाला अर्पण केलेले संगीत समजून ऐकला. एका भगिनीचे सारेच वागणे तिला नकोसे वाटे. तिच्याशी ती अशा प्रेमाने वागली की, ‘माझ्यात तुला एवढे काय आवडते?’ असे त्या भगिनीनेच तिला विचारले. स्वतः तेरेझाला प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षे झोप येत असे. आईवडिलांना झोपलेली मुलेही तेवढीच प्रिय असतात, असे म्हणून तिने मनाला त्रास करून घेतला नाही.

नोव्हिस भगिनींच्या प्रशिक्षणाचे काम तिच्याकडे आले, तेव्हा ते आपल्या शक्तीबाहेरचे आहे हे तिने तत्काळ ओळखले. या लेकरांना भरवायचे असेल तर माझी ओंजळ तूच भर, असे देवाला सांगून ती कामाला लागली. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी आणि तरुण मुलांच्या चिंतेत असलेल्या आईवडिलांनी हा प्रसंग जरूर ध्यानात घ्यावा.

एक खुलासा आवश्यक वाटतो. नम्रतेच्या नावाखाली घरातील मारहाण किंवा अन्याय मुकाट्याने सोसण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला तेरेझाचा आधार नाही. २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप लिओ तेरावे यांच्या भेटीत कोणी बोलू नये अशी सूचना असतानाही, चौदा वर्षांच्या या मुलीने त्यांच्यापुढे गुडघे टेकून मठप्रवेशाची परवानगी मागितली होती. नोव्हिस भगिनींनाही ती त्यांच्या चुका स्पष्टपणे सांगत असे.

तिचा भरवसा सुखासीन नव्हता. एप्रिल १८९६ मध्ये, पवित्र गुरुवारच्या रात्री, तिला प्रथम रक्ताची उलटी झाली. त्यानंतर लवकरच स्वर्ग आहे की नाही या काळोख्या शंकेने तिला घेरले, आणि मरेपर्यंत तो काळोख पुरता हटला नाही. त्या वर्षभरात तिने आयुष्यात कधी केल्या नव्हत्या एवढ्या श्रद्धेच्या कृती केल्या, असे तिने लिहून ठेवले आहे. देवावर विसंबणे म्हणजे देव जवळ असल्याचे जाणवत राहणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी तिची ही पाने अवश्य वाचावीत.

कार्मेल मठात भगिनीचे निधन झाले की तिच्या जीवनाचा वृत्तांत इतर मठांना पाठविण्याची प्रथा होती. तेरेझा आजारी असताना एका भगिनीला प्रश्न पडला होता की, हिच्याविषयी मठप्रमुख लिहिणार तरी काय. सांगण्यासारखे तर हिने काहीच केलेले नाही! ३० सप्टेंबर १८९८ रोजी त्या वृत्तांताऐवजी तिच्याच वह्यांतून तयार केलेले ‘एका आत्म्याची कथा’ हे पुस्तक छापून निघाले. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती काढण्यात आल्या होत्या.