सुवर्णमोहरांचा पाऊस

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरात पैसा खुळखुळला म्हणजे देव प्रसन्न झाला, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आम्हां ख्रिस्ती मंडळींत हा समज नाही, असे मी पुष्कळ दिवस धरून चाललो होतो. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि नगर जिल्ह्यातून जी कुटुंबे या बाजूस पोटासाठी आली, त्यांत आमचेही होते. पत्र्याच्या खोलीत प्रार्थना चाले आणि कोणी कोणाची मिळकत विचारीत नसे.

गेल्या वर्षी मात्र शेजारच्या मावशी रडवेल्या होऊन आल्या. त्यांच्या मुलाचे चाकणचे कंत्राटी काम सुटले होते. एका सभेत उपदेशकाने सांगितले की, देवाचे ज्यावर प्रेम असते त्याला तो मोटार नि बंगला देतो. न मिळाले तर विश्वासात खोट आहे. मावशींनी विचारले, ‘‘दादा, आमच्याच विश्वासात कुठे उणे पडले का हो?’’

मी त्यांना पंडिता रमाबाईंची हकीकत सांगितली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंडे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळ होते नव्हते ते त्यांनी दानधर्मात व अनुष्ठानांत घातले. देव संतुष्ट होऊन सुवर्णमोहरांचा पाऊस पाडील, अशी त्यांची खरोखरीची आशा होती. हे रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. पाऊस पडला नाही, मोहरांचा नाही नि पाण्याचाही नाही. 1874 साली वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीण. सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ अनवाणी भटकत राहिली. 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झाले, आणि 1882 च्या आरंभी पती कॉलऱ्याने वारले.

येथे कोणी म्हणेल, पुढे 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तरी बाईंचे दिवस पालटले असतील! वाचकहो, तसे काही झाले नाही. शारदासदनावर पुण्यात वादळ उठले. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी मुली आणल्या, तर पुण्यात प्लेगचे निर्बंध. मुलींना केडगावच्या माळावर न्यावे लागले. बाईंना ऐकूही कमी येई. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्तिसदन सोपवायचे, ती 1921 साली वारली. नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, बाई गेल्या. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्यामागे 1924 साली निघाले.

आता या बाईंचा विश्वास उणा होता असे म्हणायला कोण धजेल? ईयोबाचे मित्र धजले असते म्हणा. त्याच्या राखेच्या ढिगाऱ्याशेजारी बसून त्यांनी हेच तर सांगितले होते, आणि देवाने शेवटी त्यांनाच खडसावले.

नारायण वामन टिळकांचेही तेच. 1895 च्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार काही वर्षे मोडला, आणि 1917 साली मिशनची पगाराची जागा त्यांनी आपणहून सोडली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ते तुकोबा चाकणच्या वाटेवरचे, देहूचे. 1630 च्या दुष्काळात दिवाळे निघाले, बायको अन्नावाचून गेली. कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. देहूच्या त्या वाण्याला देवाने झिडकारले होते, असे उभ्या मावळात कोणी म्हणणार नाही.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘ते राहू द्या. त्या माळावर एवढ्या मुलींना बाईंनी खायला काय घातले?’’

मग मी केडगावच्या विहिरी, शेती, मुलींनी चालवलेला छापखाना सांगत बसलो, आणि मावशींनी मांडीवरचे तांदूळ निवडायला घेतले.