पाया : रूपक आणि दगड

मराठीच्या वर्गात ‘पाया’ हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे रूपक म्हणूनच शिकवत आलो. संत बहिणाबाईंच्या अभंगात भागवत धर्माची इमारत पायापासून कळसापर्यंत उभी राहते. परीक्षेत प्रश्न येतो तो अलंकाराचा. पाया घालतात कसा, हे आम्ही कधी सांगितले नाही. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की ही उणीव जाणवते.

हे दगडी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. आज पर्यटकांना त्याच्या पायऱ्या तेवढ्या दिसतात. पण पाणी अडवणारी भिंत दिसते तेथून सुरू होत नसते. आधी माती व मुरूम उपसावा लागतो. काळा कातळ लागला की त्याचा झिजलेला थर फोडून तळ धुऊन घ्यावा लागतो. तळाशी भिंत रुंद ठेवतात, म्हणजे भार पसरतो. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही आणि दोन्ही अंगे आरपार दगडांनी बांधून घ्यायची, ही गवंड्याची शिस्त. शिवाय जमिनीखाली हवा पोचत नसल्याने तेथे साधा चुना नीट धरत नाही. ओलाव्यातही घट्ट होणारा कंकराचा चुना किंवा सुरखी लागते.

ही शिस्त सुटली तर काय होते? याच परिसरातला बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, त्यावरील एक उंच दगडी कमानपूल कोसळला आणि कंपनीच्या एकूण दगडकामावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. फ्रान्समधील बूझे धरणाचा पाया पक्क्या खडकापर्यंत नेलेला नव्हता. १८८४ साली ती भिंत सरकली. दुरुस्तीनंतरही १८९५ साली फुटली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. भिंतीखाली शिरलेले पाणी तिला वर उचलते, हे अभियंत्यांच्या हिशेबात ठळकपणे आले ते त्यानंतर.

पाया एकदा बुजवला की तो कुणाला दिसत नाही. उरतो तो घालणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरचा विश्वास. आणि त्या पाथरवट-गवंड्यांची नावे तर कुठल्याच दगडावर नसतात. यापुढे तो अभंग शिकवताना अलंकाराआधी ही हकीकत सांगायची, असे आम्ही ठरवले आहे.