महाराष्ट्रातील तरुण पियानोवादकांची जडणघडण

महाराष्ट्रातील तरुण पियानोवादकांची जडणघडण ही मुख्यत्वे मुंबईत आणि काही प्रमाणात पुण्यात रुजलेल्या पाश्चात्त्य संगीतशिक्षणाच्या परंपरेचा भाग आहे. गुरूकडील नियमित शिक्षणाखेरीज श्रेणी परीक्षा, स्पर्धा, शिष्यवृत्त्या आणि मास्टरक्लास ही या जडणघडणीची प्रमुख साधने होत. यांपैकी परीक्षा आता दूरच्या गावांतूनही देता येतात. उरलेली तीन साधने मात्र मोजक्या शहरांत एकवटलेली आहेत. त्यामुळे गुणी मुलाची प्रगती त्याच्या प्रतिभेइतकीच त्याच्या राहण्याच्या ठिकाणावरही अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये स्वरलेखनाचे आणि वाद्यवादनाचे शिक्षण दिले जात असे. तेथून मुंबईत आलेल्या वादकांनी वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीतात महत्त्वाचे स्थान मिळवले. गोमंतकीय ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांमुळे मुंबईत पियानोशिक्षणाला स्थैर्य लाभले. १८६५ मध्ये स्थापन झालेली फुर्टाडोस ही पेढी वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके पुरवत आली आहे.

मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यांच्या नावाने १९९५ मध्ये सुरू झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांसाठी पाश्चात्त्य संगीताचे वर्ग चालवते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद उभा केला. त्याच्याशी संलग्न अकादमीत मुलांना संगीताचे शिक्षण दिले जाते. शेजारच्या गोव्यात पणजी येथील कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे.

श्रेणी परीक्षा

राज्यातील बहुसंख्य विद्यार्थी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज किंवा असोसिएटेड बोर्ड या संस्थांच्या परीक्षा देतात. प्रारंभिक पातळीनंतर आठ श्रेणी आणि त्यापुढे पदविका असा हा क्रम असतो. तयार केलेल्या रचना, स्वरसप्तके, स्वरलिपीचे प्रथमदर्शनी वाचन आणि स्वरज्ञान यांची त्यांत कसोटी लागते. २०२० पासून दोन्ही संस्थांनी ध्वनिचित्रमुद्रण पाठवून देता येणाऱ्या परीक्षाही सुरू केल्या.

परीक्षेमुळे शिक्षणाला क्रम आणि मुदत मिळते. तथापि, वर्षभर तीनच रचना घोटून श्रेणी ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याचा वादनसंग्रह तोकडा राहतो. स्पर्धेच्या किंवा परदेशी संगीतशाळेच्या प्रवेशचाचणीच्या वेळी ही उणीव उघड होते.

स्पर्धा

आधुनिक पियानो स्पर्धांमध्ये वॉर्सा येथील शोपँ स्पर्धा (१९२७), मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा (१९५८) आणि इंग्लंडमधील लीड्स स्पर्धा (१९६३) विशेष प्रसिद्ध आहेत. शोपँ स्पर्धा साधारणतः दर पाच वर्षांनी होते. १९७५ मध्ये क्रिस्तियान झिमरमान यांनी ती वयाच्या १८व्या वर्षी जिंकली. अशा स्पर्धांत बहुधा बाखची रचना, अभिजात काळातील सोनाटा, तंत्राची कसोटी पाहणारे एत्यूद आणि स्वच्छंदतावादी काळातील मोठी रचना अपेक्षित असते. अंतिम फेरीत वाद्यवृंदासह कंचेर्टो वाजवावा लागतो.

स्पर्धेचा खरा लाभ पारितोषिकाच्या रकमेपेक्षा त्यानंतर मिळणाऱ्या कार्यक्रमांत असतो. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता पियानोवादक नव्हेत, वाद्यवृंदसंचालक. परंतु त्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५४ मध्ये ते शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले. १९५८ मध्ये लिव्हरपूल येथील संचालन स्पर्धा जिंकल्यावर तेथील वाद्यवृंदाचे साहाय्यक संचालकपद त्यांना वर्षभरासाठी मिळाले.

स्पर्धांवर टीकाही होते. १९८० च्या शोपँ स्पर्धेत इवो पोगोरेलिच यांना अंतिम फेरीत स्थान न मिळाल्याने मार्था आर्गेरिच यांनी परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला. निर्दोष परंतु सावध वादनाला झुकते माप मिळते, हा आक्षेप तेव्हापासून अधिक ठळक झाला. लहान वयात सतत स्पर्धा दिल्यास संगीताची गोडी कमी होण्याचा आणि अतिसरावामुळे हात व मनगट दुखावण्याचा धोकाही असतो.

शिष्यवृत्त्या

पियानोशिक्षणाचा खर्च वाद्य, शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क आणि प्रवास असा विभागलेला असतो. अमेरिकेतील कर्टिस इन्स्टिट्यूट (१९२४) १९२८ पासून सर्व विद्यार्थ्यांना विनाशुल्क शिकवते; तेथे प्रवेश केवळ गुणवत्तेवर मिळतो.

भारतात सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांना दिली जाते. सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलावंतांसाठीची योजना १८ ते २५ वयोगटासाठी असून तीत दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. या योजनांचा भर भारतीय शास्त्रीय, लोक आणि पारंपरिक कलांवर आहे. त्यामुळे पियानोच्या विद्यार्थ्याला प्रामुख्याने खाजगी न्यासांवर किंवा परदेशी संस्थांच्या शुल्कसवलतीवर विसंबावे लागते. परदेशातील उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देणारा जे. एन. टाटा एन्डाउमेंट (१८९२) हा त्यांतील सर्वांत जुन्या न्यासांपैकी एक होय.

मास्टरक्लास

मास्टरक्लास म्हणजे नामवंत कलावंताने श्रोत्यांसमोर एकेका विद्यार्थ्याचे वादन ऐकून जागीच केलेले मार्गदर्शन. फ्रान्झ लिस्ट यांनी १८६९ ते १८८६ या काळात वायमार येथे घेतलेल्या विनाशुल्क वर्गांपासून ही पद्धत रूढ झाली. विद्यार्थी एक असला तरी स्वराची जात, पायपट्टीचा वापर आणि वाक्यांशाची घडण यांविषयीच्या सूचना सर्वांच्याच उपयोगी पडतात. नेहमीच्या शिक्षकाच्या कानाला सरावाने जाणवेनासे झालेले दोष बाहेरच्या कानाला चटकन जाणवतात. तासाभरात दाखवलेली वाट पुढे महिनोन्‌महिने चालवून घेण्याचे काम मात्र त्या शिक्षकालाच करावे लागते.

मुंबईतून परदेशी गेलेले वादक या बाबतीत दुवा ठरले आहेत. फली पवरी यांनी मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतले. पुढे ते ग्लासगो येथील रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंडमध्ये पियानोचे अध्यापन करू लागले. मारियालेना फर्नांडिस यांनी व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठात अध्यापन केले आहे.

लहान गावांतील स्थिती

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हे मिरज–कुर्डुवाडी लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. या परिसरात भजन-कीर्तनामुळे पेटी (हार्मोनियम) परिचित आहे. हिंदुस्थानी संगीतासाठी, १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा लहान शहरांपर्यंत पोहोचल्या आहेत. पियानोसाठी असे जाळे नाही.

पेटीवर तयार झालेल्या मुलाला पट्ट्यांची मांडणी ठाऊक असते. परंतु पेटीत डावा हात भात्यात गुंतलेला असतो आणि आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर ठरतो. पियानोत दोन्ही हात स्वतंत्रपणे चालतात आणि प्रत्येक स्वराचा जोर बोटांच्या आघातावर ठरतो. ६१ हलक्या पट्ट्यांच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरही हा आघात नीट शिकता येत नाही. त्यासाठी किमान ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागतो. खरा पियानो घेतल्यास हवेतील आर्द्रतेच्या चढउतारांमुळे तो वेळोवेळी स्वरात लावून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कारागीर मोठ्या शहरातून बोलवावा लागतो.

दूरस्थ शिकवण्या आणि परीक्षांमुळे हे अंतर काहीसे कमी झाले आहे. तरीही ध्वनिमुद्रणात स्वराच्या सूक्ष्म छटा पुरेशा उमटत नाहीत, आणि मोठ्या ग्रँड पियानोवर, श्रोत्यांसमोर वाजवण्याचा अनुभव घरबसल्या मिळत नाही. म्हणून मोठ्या शहरांबाहेरील विद्यार्थ्यासाठी केवळ शुल्कमाफी पुरेशी ठरत नाही. प्रवास, निवास आणि सरावासाठी वाद्य यांची सोयही शिष्यवृत्तीत असावी लागते.

हेसुद्धा पाहा

पियानो
हार्मोनियम
मेहली मेहता
झुबिन मेहता
अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ