वाघाची मावशी लाडकी, वाघीण वादात: मांजरांच्या पोस्टवर मन असं का वागतं?

मोबाईलवर मांजराचं पिल्लू दिसलं की सरकणारं बोट थांबतं. हसू येतं, बदाम टाकला जातो आणि व्हिडिओ घरच्या ग्रुपवर जातो. मराठीत मांजराला वाघाची मावशी म्हणतात. पण त्याच कुळातल्या वाघिणीची बातमी आली की कमेंटमध्ये हळहळ, संताप आणि शिवीगाळ सुरू होते. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या अवनी वाघिणीच्या वेळी नेमकं हेच झालं. या दोन्ही प्रतिक्रियांमागची कारणं बरीचशी सारखी आहेत.

पिल्लू गोड का वाटतं?

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तन अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये एक कल्पना मांडली. मोठं डोकं, टपोरे डोळे, गुबगुबीत गाल ही लक्षणं दिसली की माणसाच्या मनात सांभाळण्याची ऊर्मी जागी होते. ही लक्षणं मुळात माणसाच्या बाळाची. पण मांजराच्या पिल्लातही ती दिसतात.

गोड बाळाचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो, तसंच पिल्लाला घट्ट आवळावंसंही वाटतं. येल विद्यापीठातल्या ओरियाना अॅरागॉन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांच्या मते यात पिल्लाला इजा करण्याची इच्छा नसते. एक भावना फार दाटून आली की मन उलट्या भावनेने तोल सावरतं. आनंदात डोळ्यांत पाणी येतं, तसंच.

व्हिडिओ पाहून खरंच बरं वाटतं का?

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या जेसिका गॉल मायरिक यांनी जवळपास ७,००० जणांना हा प्रश्न विचारला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजरांचे व्हिडिओ पाहिल्यावर उत्साह वाढतो आणि चिंता, चिडचिड, उदासी कमी होते, असं लोकांनी सांगितलं. काम टाळून व्हिडिओ पाहिल्याची टोचणीही अनेकांना होती, पण आनंद त्यापेक्षा जास्त होता. ही माहिती लोकांनी स्वतःच सांगितलेली होती आणि उत्तरं देणाऱ्यांत मांजरप्रेमी बरेच होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

टी-१ ची 'अवनी' कशी झाली?

पांढरकवडा-राळेगाव भागात फिरणाऱ्या या वाघिणीला वनविभाग टी-१ म्हणत होता. 'अवनी' हे नाव प्राणिप्रेमींनी दिलं. साधारण दोन वर्षांत झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंना ती जबाबदार असल्याचं वनविभागाचं म्हणणं होतं. प्राणिप्रेमींनी त्यावर शंका घेतली. तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला. '#लेटअवनीलिव्ह' हा हॅशटॅग देशभर फिरला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिच्यामागे दोन बछडे राहिले.

तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी यावर उघडपणे संताप व्यक्त केला. मारण्याच्या पद्धतीवर प्रश्न उठले, चौकशीही झाली.

इथे नावाचा मोठा वाटा आहे. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं, की ओळखीच्या एका जिवासाठी माणसं जितकी हळहळतात, तितकी निव्वळ आकड्यासाठी हळहळत नाहीत. 'टी-१' हा फाईलमधला क्रमांक होता, तर 'अवनी' ही दोन बछड्यांची आई होती. मेलेली १३ माणसं मात्र बहुतेक पोस्टमध्ये आकडाच राहिली. त्यांनाही नावं होती, त्यांच्याही मागे घरदार होतं.

गावात काय घडत होतं?

वाघीण मेल्याचं कळताच तिथल्या गावकऱ्यांनी फटाके फोडले, मिठाई वाटली. शहरात बसून हे पाहणाऱ्यांना ते क्रूर वाटलं. पण ते दिवस कापूस वेचणीचे होते. वेचणीला बाया शेतात जातात, गुराखी जनावरं रानात नेतात, रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला जावं लागतं. वर्धा नदीच्या अलीकडे, हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावांतही शेतीचं चित्र हेच आहे. शेतात जाण्याचीच भीती वाटू लागली, तर मजुरीही बुडते आणि पीकही.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या होत्या. एकाला पडद्यावर वाघीण दिसत होती, दुसऱ्याला बांधावर.

रागाच्या पोस्ट जास्त का पसरतात?

विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरच्या राजकीय-सामाजिक वादांचा अभ्यास केला. पोस्टमध्ये नीती-अनीतीची भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला, की तिचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, असं त्यांना आढळलं. 'खून', 'खुनी', 'लाज' असे शब्द असलेली पोस्ट म्हणूनच वेगाने फिरते. 'वाघाला बेशुद्ध करणं अंधारात किती अवघड असतं' हे समजावणारी पोस्ट मागे पडते.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी

गोड व्हिडिओतही एक प्रश्न विचारता येतो: मांजरालाही मजा येते आहे का? २०१५ च्या सुमारास मांजरामागे गुपचूप काकडी ठेवून ते उडी मारतं तेव्हाचं चित्रीकरण करण्याची लाट आली होती. पाहणाऱ्याला हसू येत होतं, मांजर मात्र घाबरलेलं असायचं. स्कॉटिश फोल्ड जातीचे दुमडलेले कान लोकांना गोड वाटतात. पण ते कूर्चेतल्या आनुवंशिक दोषामुळे दुमडतात आणि त्याच दोषाने सांधेही दुखतात.

वाघाच्या पोस्टबाबत प्रश्न थोडा मोठा आहे: फोटोत कोण नाही? अवनीच्या फोटोत जागलीला गेलेला शेतकरी नव्हता. त्याची आठवण ठेवली म्हणून वाघिणीबद्दलची हळहळ खोटी ठरत नाही. फक्त 'खुनी गावकरी' असं लिहिण्याआधी बोट थांबतं.