पहारेकऱ्याचा पगार

सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगाव एमआयडीसीतलं कुठलंही ऑफिस घ्या. कॉम्प्युटर अडखळायला लागला की टास्क मॅनेजर उघडतात, आणि तेवढ्यात कोणीतरी शंका काढतंच, "हा उघडा ठेवल्यानंच मशीन आणखी हळू चालत नाही ना?"

या पहारेकऱ्याचं कूळ युनिक्सचं. 1984 साली राइस विद्यापीठात विल्यम लफेव्हर यांनी 'टॉप' हा प्रोग्राम लिहिला. कल्पना व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या तशाच एका सोयीवरून सुचलेली. कोण किती प्रोसेसर खातंय, याची यादी, सगळ्यात खादाड सर्वांत वर. यादीत टॉप स्वतःलाही धरतो. मशीन निवांत असलं तर कधीकधी पहिला नंबर त्याचाच! विंडोजचा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर यांचा. तो 1996 मध्ये विंडोज एनटी 4.0 बरोबर आला.

ही मंडळी स्वस्त पडतात, कारण हिशेब ती ठेवतच नाहीत. तो हिशेब कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आधीपासून ठेवत असतो. पुढची पाळी कोणाला द्यायची, हे त्याला ठरवायचं असतं. टॉप फक्त वही वाचतो. लिनक्सवर त्यासाठी प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, फाइल उघडावी लागते, कर्नल आकड्यांचा मजकूर करून देतो, टॉप त्या मजकुराचे पुन्हा आकडे करतो. शेदोनशे प्रोसेस, तीन सेकंदांतून एकदा: पत्ताही लागत नाही. हजारो प्रोसेस आणि सेकंदाला दहादा विचारणा, मग मात्र लागतो.

खरी महागडी जात वेगळी. सिन्नरच्या बिडी कारखान्यात चेकर तयार माल तपासून छाट काढतो. तोच बिड्या वळणाऱ्या प्रत्येक बाईशेजारी बसून दर बिडीला तिचा हात थांबवू लागला, तर माल कधी व्हायचा? लिनक्सवरचा 'एस्ट्रेस' हा प्रोग्राम नेमकं हेच करतो. प्रोग्रामनं कर्नलकडे काहीही मागितलं, की जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याला थांबवतो. ब्रेंडन ग्रेग यांनी मुद्दाम टोकाची चाचणी घेतली, तेव्हा 'डीडी' हा डेटाची नक्कल करणारा प्रोग्राम 442 पट मंदावला.

उतारा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये निघाला. ब्रायन कॅन्ट्रिल, माइक शपीरो आणि ॲडम लेव्हेन्थल यांचा 'डीट्रेस' 2005 च्या सोलारिस 10 या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आला: बंद असताना भार नाही, चालू केला की विचाराल तेवढ्याचीच किंमत.

तेव्हा टास्क मॅनेजर खुशाल उघडा ठेवा. अपडेटचा वेग 'लो' केलात तर तो चार सेकंदांतून एकदाच वही चाळतो. संशय घ्यायचाच असेल, तर दर फाइल उघडताना मध्ये हात घालणाऱ्या अँटिव्हायरसचा आधी घ्या.