मुंबई ते जेद्दा : हवाई अंतर किती, वेळ किती?

उमराहचं तिकीट हातात आलं की घरोघरी हिशेब सुरू होतो. जाताना तिकिटावर ३ तास दिसतात, येताना ७ तास. रस्ता एकच, मग एवढा फरक कसा? हे गणित आपण नीट समजून घेऊ या.

अंतर : मुंबई ते जेद्दा सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. विमानाचा प्रत्यक्ष मार्ग याहून थोडा लांब पडतो.

वेळ : थेट विमानाला जाताना साधारण ५ ते साडेपाच तास लागतात. परतताना वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. दुबई, मस्कतसारख्या ठिकाणी विमान बदलायचं असेल, तर तिथल्या थांब्याप्रमाणे प्रवास बराच लांबतो.

घड्याळ : सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० ला निघालं आणि साडेपाच तास लागले. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील, पण जेद्दात १ वाजलेला असेल. परतताना रात्री ८ ला निघून पावणेपाच तास लागले, तर मुंबईत पहाटेचे सव्वातीन वाजतील आणि तारीखही बदललेली असेल. विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांना ही तारीख आवर्जून सांगा.

एहराम : वेळेचा हिशेब इथे सर्वांत महत्त्वाचा. थेट जेद्दाला जाणारं विमान उतरण्याआधीच मीकातची हद्द ओलांडतं. म्हणून एहरामची चादर सामानात देऊन टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. बरेच जण घरूनच किंवा विमानतळावर एहराम बांधतात आणि नियत मीकातच्या आधी विमानात करतात. विमानात बहुधा घोषणा होते, पण झोप लागू शकते, म्हणून सोबतच्यांना सांगून ठेवा. आधी थेट मदिनेला जाणार असाल, तर एहराम मदिनेहून मक्केला निघताना, जुलहुलैफा इथे बांधतात. बारीकसारीक मसले आपल्या आलिमसाहेबांना विचारून घ्या.

रोजा आणि औषधं : रमजानमध्ये पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. इफ्तार मुंबईच्या घड्याळाने नाही, तर विमानातून सूर्य मावळल्यावर. इन्सुलिन किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या अम्मी-अब्बांनी डोसच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवावी.

पूर्ण प्रवास : विमानाचे ५ तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. विमानतळावर किमान ३ तास आधी पोहोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान, पुढे मक्केपर्यंतचा रस्ता. नांदेड, लातूर, बीडकडच्या मंडळींनी मुंबईपर्यंतची रात्रही यात धरावी. म्हणजे घरापासून हरमपर्यंत एक दिवस सहज जातो. वयस्कर माणसं सोबत असतील, तर पोहोचल्याबरोबर उमराहची घाई न करता आधी थोडा आराम करू द्यावा.

१९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात, समुद्रावर कित्येक दिवस काढत. आता तोच समुद्र काही तासांत पार होतो. पण वेळ कमी झाला म्हणून तयारी कमी करून चालत नाही. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो.